घरच्या सुखाचा हिशेब

पनवेलच्या जुन्या आळ्यांतून काय किंवा नवीन पनवेल, खांदा कॉलनीतील गृहनिर्माण संस्थांतून काय, दसरा-दिवाळीच्या सुमारास एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. एप्रिल महिन्यात मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेस गेलेले वृद्ध जोडपे सहा महिन्यांनी घरी परतते. पाहुणा म्हणून तेथे राहण्याची परवानगी साधारणपणे तेवढ्याच मुदतीची असते. शेजारी ठेवलेली किल्ली येते, कुलूप उघडते, बंद घराचा कुबट वास खिडक्यांवाटे बाहेर जातो आणि मग पुढील आठ दिवस त्या घरात एकच विषय चालतो. घरचे सुख ते घरचेच!

बादलीत काढलेले कढत पाणी आणि हातातला तांब्या, आल्याचा चहा, दाराच्या कडीला अडकवलेले वर्तमानपत्र, तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे, गच्चीवरील दोरीवर वाळलेल्या धोतराला किंवा पातळाला येणारा उन्हाचा वास. तिकडे अनेक वसाहतींत कपडे बाहेर वाळत घालण्यास नियमानेच मज्जाव असतो, ही गोष्ट प्रत्येक परतलेला मनुष्य आश्चर्याने सांगतो. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घातलेली हुज्जतदेखील सुखाची वाटते, कारण सहा महिन्यांत भाजी घेताना कोणाशी एक शब्द बोलण्याचा प्रसंग आलेला नसतो. पावसाळ्यात शेवळ्याची आणि भारंगीची भाजी हुकली याची हळहळ असते. थंडीत पोपटी लागेल याची आशा असते.

या भावनेची थट्टा करण्याचे कारण नाही. ती खरी आहे आणि आरोग्यपूर्णही आहे. परदेशात जे जे आहे ते सारे श्रेष्ठ आणि आपले ते सारे गचाळ, असे मानणारा न्यूनगंड आपल्या मध्यमवर्गाने पुष्कळ काळ जोपासला. त्यापेक्षा घरच्या भाकरीचे कौतुक करणारा मनुष्य केव्हाही अधिक शहाणा. परंतु कौतुक करून थांबणे हा शहाणपणाचा अर्धाच भाग झाला. ज्याला आपण घरचे सुख म्हणतो ते कशाचे बनलेले आहे, ते कोण निर्माण करते आणि त्याचे मोल कोण चुकते करते, हा हिशेब मांडल्याखेरीज हे कौतुक पुरे होत नाही.

घराची ओढ म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी पनवेलला फार लांब जावे लागत नाही. येथील बेथ एल हे बेने इस्रायली समाजाचे प्रार्थनामंदिर १८४९ सालचे आहे. कुलाबा जिल्ह्याच्या गावोगावी तेलाचे घाणे चालविणारा, शनिवारी काम बंद ठेवणारा आणि म्हणून शनिवार तेली म्हणून ओळखला जाणारा हा मराठी बोलणारा समाज १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. जाताना त्याने मराठी भाषा, मलिदा आणि पुरणपोळी बरोबर नेली. तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही चालविले. परंतु आरंभीच्या काळात यांपैकी काही कुटुंबांना तेथे दुजाभावाचा अनुभव आला. १९५१ च्या अखेरीस त्यांनी तेल अवीव येथे ज्यू एजन्सीच्या कचेरीपुढे धरणे धरले, आम्हांस परत भारतात पाठवा अशी मागणी केली आणि १९५२ मध्ये शंभराहून अधिक लोक मुंबईस परत आले. त्यांपैकी बहुतेकांनी पुढे पुन्हा इस्रायलला जाण्याची इच्छा व्यक्त केली. बेने इस्रायली हे सर्व बाबतींत बरोबरीचे नागरिक आहेत, असे तेथील संसदेला ठरावाने जाहीर करावे लागले ते १९६४ साली.

या इतिहासाचा बोध एवढाच की, ओळखीची चव माणूस कोठेही बरोबर नेऊ शकतो. जे सहजासहजी नेता येत नाही आणि ज्यासाठी तो देशही बदलतो, ते म्हणजे मानाने राहण्याचे ठिकाण. घर म्हणजे अखेर तेच. मग प्रश्न असा उभा राहतो की, ज्या घरात पाऊल टाकताच या वृद्ध जोडप्याला हायसे वाटते, त्या घरात रोज पाऊल टाकणाऱ्या इतरांनाही तो मान मिळतो काय?

आता सुखाची मोजदाद करू. पहाटे दुधाची पिशवी दारात येते. वर्तमानपत्र येते. नऊच्या सुमारास कामाला बाई येते. धुणे, भांडी, केरवारा करून जाते. दुपारी इस्त्रीवाला कपडे घेऊन जातो. वाण्याला दूरध्वनी केला की सामानाची पिशवी तिसऱ्या मजल्यावर पोहोचते. कोपऱ्यावर रिक्षा उभीच असते. मुलाच्या घरी यांतील बहुतेक कामे मुलगा आणि सून स्वतः करीत होती. कार्यालयातून दमून आल्यावर भांडी यंत्रात लावणे, कपडे वाळवून घड्या घालणे, शनिवारी गाडी काढून आठवड्याचे सामान आणणे हे सारे पाहून आईवडिलांचा जीव तुटत होता. म्हणूनच ‘आपल्याकडे कसे सारे सोपे आहे’ हे वाक्य परतल्यावर वारंवार निघते.

ते सोपे का आहे? आपली संस्कृती अधिक प्रेमळ आहे म्हणून नव्हे. विल्यम बॉमोल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात एक साधी गोष्ट दाखवून दिली. कारखान्यात यंत्रामुळे एका कामगाराचे उत्पादन वाढत जाते, त्याबरोबर वेतनही वाढते. परंतु काही कामे अशी असतात की त्यांस पूर्वी जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो. अशा कामांसाठी माणसे टिकवावयाची तर त्यांनाही वाढते वेतन द्यावे लागते आणि ती कामे महाग होत जातात. खोली झाडण्यास न्यू जर्सीत लागणारा वेळ आणि पनवेलमध्ये लागणारा वेळ यांत फरक नाही. फरक झाडणाऱ्या हातांपुढे असलेल्या दुसऱ्या वाटांत आहे. तेथे त्या हातांना दुसरे काम मिळू शकते, म्हणून मुलाला मोलकरीण परवडत नाही. येथे त्या हातांना दुसरी वाट नाही, म्हणून निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या बापालाही ती परवडते. तात्पर्य, ज्याला घरचे सुख म्हणून गौरविले जाते त्याचा एक मोठा भाग म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी घरातील अगतिकता होय.

हे विधान कठोर वाटेल. ते पटण्यासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे. हे जोडपे सहा महिने परदेशात होते तेव्हा त्यांच्या घरी काम करणाऱ्या बाईचे काय झाले?

बहुतेक घरांत याचे उत्तर ठरलेले असते. जाण्यापूर्वी हिशेब पुरा करून दिला जातो. फार तर एखादे जुने पातळ आणि शे-दोनशे रुपये वर. पगार त्या दिवसापासून बंद. परत येण्याची तारीख मात्र तिला सांगून ठेवलेली असते आणि त्या तारखेस सकाळी तिने हजर असावे, घर झाडूनपुसून घ्यावे, अशी अपेक्षा असते. ती आली तर ‘आमची बाई फार प्रामाणिक’ असे कौतुक होते. मधल्या काळात तिने दुसरे काम धरले असेल तर ‘या लोकांना माया म्हणून नसते’ असा शेरा मिळतो. मोलकरणीने महिन्यात दोन दिवसांहून अधिक दिवस न येणे याला ‘खाडा’ म्हणतात आणि अनेक घरांत खाड्याचे पैसे कापले जातात. मग मालकाने सहा महिने न येणे याला काय म्हणावे? तोही खाडाच. परंतु मालकाच्या खाड्याचे पैसेदेखील मोलकरणीच्याच पगारातून कापले जातात. जगातील कोणत्याही न्याय्य करारात एका पक्षाच्या दोन्ही बाजूंनी तोटा लिहिलेला नसतो. येथे तो आहे, कारण करारच लिहिलेला नसतो.

या अन्यायाची जाणीव नवी नाही. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी उत्स्फूर्तपणे काम बंद केले, पगारवाढ आणि रजा मागितली आणि त्या लढ्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पांढरपेशा पेठांतील स्वयंपाकघरांत त्या वेळी खळबळ उडाली. संप गिरणीत होतो, ओट्याशीही होऊ शकतो हे अनेकांना प्रथमच कळले. अशाच चळवळींच्या रेट्यामुळे महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. परंतु तो कल्याणाचा कायदा आहे, वेतनाचा नव्हे. नोंदणी आणि काही आर्थिक साहाय्य यांची सोय त्यात आहे. साप्ताहिक सुटी, रजेचा पगार, काम सुटण्यापूर्वीची सूचना यांबाबत मालकावर बंधन घालण्याचे सामर्थ्य त्यात नाही. १६ जून २०११ रोजी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांना इतर कामगारांप्रमाणे हक्क देणारा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, परंतु त्यास आजवर अनुसमर्थन दिलेले नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट विचारात घेण्याकरिता समिती नेमण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. म्हणजे पुण्यातील त्या संपानंतर पंचेचाळीस वर्षे लोटली तरी गोष्ट समितीच्या पायरीवरच उभी होती.

घरातले दुसरे अदृश्य श्रम घरच्याच स्त्रीचे. वीस-बावीस तासांचा प्रवास करून दोघेही परततात. दोघांचेही वय सत्तरीकडे झुकलेले असते. पण ‘आता घरचा वरणभात पाहिजे’ असे एकजण म्हणतो आणि दुसरी कुकर लावते. मुलाकडे असतानाही ती नातवंडांना सांभाळत होती, पोळ्या लाटून शीतपेटीत ठेवीत होती. तिच्या दृष्टीने परदेश आणि घर यांतील फरक एका ओट्यापासून दुसऱ्या ओट्यापर्यंतचा. राष्ट्रीय कालविनियोग सर्वेक्षणाच्या २०२४ च्या पाहणीनुसार घरातील विनावेतन कामांत भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात. असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. ए. सी. पिगू यांनी १९२० सालच्या आपल्या ग्रंथात सांगितलेली विसंगती अर्थशास्त्राचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या वाचत आले आहेत. एखाद्या गृहस्थाने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशीच विवाह केला तर काम तेवढेच राहते, पण राष्ट्रीय उत्पन्न मात्र घटते. वर्गात यावर हशा होतो. ज्या देशात वर्गातून घरी गेल्यावर तेच काम निमूटपणे करणारी स्त्री प्रत्येक घरात आहे, त्या देशात तो विनोद म्हणून सोडून देता येत नाही.

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहू. हेच जोडपे परदेशातील कोणत्या गोष्टींची आठवण काढते? मुलाचे मोठे घर किंवा दोन मोटारी यांची चर्चा चार दिवस होते. मनात रेंगाळतात त्या निराळ्याच गोष्टी. नळाखाली पेला धरून सरळ पिता येणारे पाणी. चालताना खाली पाहावे लागत नाही अशी पायवाट. गावचे सार्वजनिक ग्रंथालय, जेथे कोणीही जाऊन दिवसभर बसावे. बागेतील बाक. रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीसाठी थांबलेली मोटार. या साऱ्या गोष्टी कोणा एकाच्या मालकीच्या नाहीत. त्या सार्वजनिक आहेत. तिकडे सारेच आलबेल आहे असे अर्थातच नव्हे. मोटार नसेल तर अनेक उपनगरांतून चार पावले दूरच्या दुकानातही जाता येत नाही आणि दुखणे आले तर डॉक्टरच्या देयकाच्या भीतीने पाहुणे म्हातारे अंगावर काढतात, हेही परतलेलेच लोक सांगतात. पनवेलला गल्लीतला डॉक्टर रात्री दार उघडतो, हे सुख लहान नाही.

तरीही एकंदर हिशेब स्पष्ट आहे. आपली सुखे घराच्या उंबरठ्याच्या आत आहेत आणि ती स्वस्त श्रमांवर उभी आहेत. उंबरठ्याबाहेर पाऊल टाकले की सुख संपते. गॅलब्रेथ यांनी १९५८ साली अमेरिकेवर खाजगी संपन्नता आणि सार्वजनिक दैन्य यांचा आरोप ठेवला होता. तो आरोप आज आपल्या नव्या शहरांना अधिक लागू पडतो. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, देशातील जुन्या नगरपालिकांपैकी एक. १ ऑक्टोबर २०१६ रोजी ती महानगरपालिका झाली. गाढी नदीवरील स्वतःचे देहरंग धरण असलेले हे शहर. पण उन्हाळ्यात धरण तळ गाठते आणि पाणीकपात सुरू होते. ज्यांना परवडते ते टँकर मागवितात आणि घरात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवितात. प्रत्येक घराने आपल्यापुरता नळ शुद्ध केला की शहराचा नळ शुद्ध करण्याची निकड कोणालाच राहत नाही. २०२२ पासून महानगरपालिकेचा कारभार प्रशासकाकडे होता, तेव्हा तर जाब विचारण्यास नगरसेवकही नव्हता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली; आता ती सबब उरलेली नाही.

याच पनवेलच्या दारात आता विमानतळ उभा राहिला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमाने उडू लागली. परदेशी जाणाऱ्यांची मुंबईपर्यंतची रखडपट्टी त्यामुळे पुढेमागे वाचेल, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु तो ज्या भूमीवर उभा आहे तेथे चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वरचे ओवळे, तरघर, कोंबडभुजे अशी दहा गावे होती. तेथे ओटे होते, अंगणे होती, थंडीत पोपटी लावण्याची शेते होती. टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला, गावे उठली. या परिसराच्या जमिनींना न्याय्य मोबदला मिळावा म्हणून जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात लढा झाला, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्या हौतात्म्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. विस्थापितांना भूखंड मिळाले, पैसेही मिळाले. पण सहा महिन्यांनी परतून आपलीच खिडकी उघडण्याचे जे सुख त्या वृद्ध जोडप्याला मिळते, ते या गावकऱ्यांना जगातील कोणत्याही विमानाने परत मिळणार नाही. विमान उतरताना घर जवळ आल्याचा आनंद ज्यांना होईल, त्यांनी आपण कोणाच्या घरावर उतरलो आहोत याचे स्मरण ठेवावे, एवढी अपेक्षा अवास्तव नव्हे.

मग काय करावयाचे? घरच्या सुखाचा त्याग करा, असा उपदेश कोणी करणार नाही आणि केला तरी कोणी ऐकणार नाही. मोलकरीण ठेवणे बंद करणे हा तर तिच्या पोटावर पाय देण्याचाच प्रकार होईल. आवश्यक आहे ते एवढेच की, सुखाची पुरी किंमत देण्याची तयारी असावी. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने गैरहजेरीच्या काळात किमान अर्धा पगार चालू ठेवावा; विमानाच्या दोन तिकिटांपुढे ती रक्कम नगण्य असते. आठवड्याची सुटी आणि आजारपणाची भरपगारी रजा प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने आपल्या सभेत ठराव करून मान्य करावी. वाहने कोठे उभी करावीत याविषयी तासन्‌तास भांडणाऱ्या सभांना हा अर्ध्या तासाचा विषय आहे. कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही, पण कायद्याची मागणीही सोडता कामा नये. चांगल्या मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेला हक्क हा हक्क नव्हे. आणि परदेशातून आलेल्या पुरुषांनी तिकडे मुलाला भांडी लावताना पाहिले असेल, तर ते एक कसब सामानातून अवश्य घेऊन यावे. त्यावर जकात लागत नाही.

त्याचबरोबर, स्वच्छ पाणी, चालण्याजोगी पायवाट आणि गावचे ग्रंथालय ही मागणी परतलेल्या मंडळींनीच लावून धरावी. हे पाहिलेले लोक तेच आहेत. सहा महिने जे सुख त्यांनी फुकट उपभोगले ते कोणा सुलतानाने दिलेले नव्हते. तेथील नागरिकांनी कर भरून आणि नगरसभांना धारेवर धरून ते मिळविले आहे. पनवेलचा नागरिक कर भरतो. दुसरे काम मात्र तो विसरतो.

पुढील वर्षी पुन्हा कुलपे लागतील आणि पुन्हा उघडतील. कुलूप उघडल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता कामाची बाई दारात उभी राहील, तेव्हा तिला पहिला चहा मिळेल. तो घरातल्या सर्वांच्याच कपांतून मिळतो की तिच्यासाठी बाजूला ठेवलेल्या कान तुटलेल्या कपातून, यावरून त्या घराने परदेशात काय पाहिले ते कळून येईल.